बडोद्यात मी घाई केली

रविवार संध्याकाळ, बोरिवली

बडोद्याहून आत्ताच आले. मानसीला तिथल्या विद्यापीठात शिकवायची नोकरी मिळतेय. "घेऊ नकोस, मुंबईतच बघ," हे लेकीला सांगायलाच गेले होते.

शहर मात्र आवडलं. राजवाडा सुंदर आहेच, पण झाडाखाली चित्रं काढणारी मुलं तासभर मान वर करत नाहीत, ते जास्त आवडलं.

दुपारी खानावळीत गर्दी. सवयीनं मी एका जेवणाऱ्या आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, जागा धरायला. त्यांनी वळून बघितलं. आमचं बोलणं ऐकलं असावं, मराठीतच म्हणाले, "काही हवंय का, ताई?" आणि ताट सरकवून शेजारी जागा केली. "बसा ना. मी भात सावकाश खातो."

मानसी हसू दाबत म्हणाली, "आई, इथं कुणी असं डोक्यावर उभं राहत नाही गं."

लाज वाटली. इतकी वर्षं आपण असंच जेवतोय का? खुर्चीमागे कुणीतरी ताटकळतंय म्हणून भराभर गिळत?

स्टेशनवर तिनं विचारलं, "मग काय कळवू त्यांना?"

"हो कळव. आणि खोली चालत जाता येईल अशी बघ."

गाडी सुटेपर्यंत चेहरा कडक ठेवला. पुढचं तिला कळायची गरज नाही.