तारा ऐकशील का?

नाहूर,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रुतू,

आशीर्वाद. आईचा गुडघा कसा आहे? कणकवलीत थंडी पडली का? मी बरा आहे. बाल्कनीतला तुझा कढीपत्ता जगलाय.

आठ महिन्यांनी लिहितोय, आणि तेही कामासाठी. रागावू नकोस. बेस गिटारच्या तारा निवडायच्या आहेत.

माझ्या सहा तारांच्या बेसला तारा नेहमी तूच निवडायचीस. भिंतीला टेकून डोळे मिटायचीस, मी एकेक संच चढवून वाजवायचो, आणि तू म्हणायचीस, "जाडी नीट गुरगुरतेय, बारकी किणकिणतेय. हाच ठेव, दादा." कधी चुकली नाहीस. आता पलंगावर तीन संच पडलेत. एक निकेलचा, एक स्टीलचा, एक गुळगुळीत पट्टी गुंडाळलेला, फ्लॅट म्हणतात तो. तिन्ही चढवून वाजवले, श्रुतू. निकेल कुठलं आणि स्टील कुठलं, मला कळत नाही.

हे माझ्या लक्षात आलं ऑगस्टमध्ये. बोट लागल्याबरोबर नवी तार झण्ण करते ना, ते येईचना. वाटलं, तारा जुन्या निघाल्या. बदलल्या. पुन्हा तेच, गोधडीखाली वाजवल्यासारखं. दुकानदाराशी भांडलो. मग स्टीलच्या लावल्या आणि ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

मागच्या महिन्यात अंधेरीला आपल्या ग्रुपच्या कुंडलिकदादाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं. दुसऱ्याच टेकला त्याने हेडफोन काढून टाकले.

"हर्षद, पाट्यावर सुरी घासतोयस का? कान चिरले यार!"

"उलट आवाज दबलाय," मी म्हटलं.

तो काचेपलीकडून माइकवर काहीतरी बोलला. मी हसून मान हलवली. तेव्हा तो उठून आत आला आणि माझ्या समोर उभा राहिला. "मी विचारलं, अजून एक टेक घ्यायचा की थांबायचं? मान काय हलवतोस?"

मुलुंडला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, पुढे घाट उतरावा तशी खाली. "वीस वर्षं स्पीकरसमोर उभे राहिलात. वरचे सूर गेलेत, ते परत येणार नाहीत. बोलण्यातले स, श, फसुद्धा निसटत असतील. समोरचा माणूस शब्द गिळतोय, असं वाटतं का हल्ली?"

शब्द गिळतोय.

हे मी कुणाला म्हणालो होतो, ते तुला सांगायला नको. बोरिवलीचा कार्यक्रम, अख्खा ग्रुप, भरलेलं सभागृह, तू गात होतीस, आणि माइक चालू असताना मी: "श्रुतिका, शब्द गिळू नकोस. जमत नसेल तर खाली उतर." तू उतरलीस, आणि कणकवलीला निघून गेलीस. त्यानंतर घरातसुद्धा गुणगुणत नाहीस, असं आईने कळवलंय.

तू एकही अक्षर गिळलं नव्हतंस गं.

बाबांचे कान गिरणीच्या साचाखात्यात, मागांच्या खडखडाटात गेले होते. "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतंस गो?" म्हणून आईवर ओरडायचे, आणि आपण दोघं स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायचो. आई मात्र हळूहळू बोलायचीच कमी झाली. मला हे सगळं माहीत होतं, तरी माझ्यावर वेळ आली तेव्हा दोष तुझ्याच गळ्याला दिला.

फोन करत नाही तोही म्हणूनच. दिवाळीत आईच्या फोनवर तू काहीतरी बोललीस आणि लगेच फोन कटला, तो मीच ठेवला. आवाज तुझा होता, शब्द एकही कळला नाही. घाबरलो.

काल ग्रुपला सगळं सांगितलं. बोरिवलीला चूक माझी होती, हेही. मग कुंडलिकदादाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "या रेकॉर्डिंगचा बेस चैतन्यकडून वाजवून घेतो." त्याचं बरोबरच आहे. पण बेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं येतं काय? डॉक्टर म्हणतात, मशीन लावा, बोलणं कळेल. गाण्याचं सांगता येत नाही. दोन दिवस जेवण जात नाही. बेस मांडीवर घेतो आणि तसाच बसून राहतो.

आज फ्लॅट चढवल्या. त्यांच्यात ती झण्ण मुळातच नसते, म्हणून त्या मला त्यातल्या त्यात बऱ्या वाटतात. जाड तार छेडली की बरगड्यांत कळते. पण ते चांगलं वाजतंय, की मी स्वतःची समजूत घालतोय? हे सांगेल असं तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तुलाच मी घालवलं.

शनिवारी सकाळी कणकवलीला उतरतोय. बेस बरोबर आणतोय. तारा ऐकायच्या नसतील तर ऐकू नकोस, मी अंगणात बसेन. बोलायचं असेल, शिव्या द्यायच्या असतील, तर मोठ्याने नको, समोर बसून सावकाश दे. मला त्यातला एकही शब्द चुकवायचा नाही.

खाली 'तुझा दादा' लिहायला हात धजत नाही.

हर्षद