अयाझ-कलाच्या तटावर

सापरबाय यांस,

मुलांना शेवटी अयाझ-कलाचे ते पडके किल्ले दाखवून आणले. रशियातून आलो की जाऊ, असं तुम्ही दर उन्हाळ्यात म्हणायचात. तुम्ही तिकडे दुसरं घर केलंय, हे मला मुलांना तिथे निवांतपणे सांगायचं होतं.

वाळूची चढण चढून आम्ही तटाच्या सावलीत बसलो. मी नान मोडून दिली, टरबूज कापलं, पण शब्द काही ओठावर येईनात. तेवढ्यात तिथला म्हातारा राखणदार आला. त्यालाही एक फोड दिली.

"बाप कुठाय गं तुझा?" त्याने थोरल्या आयसानेमला विचारलं. "एवढ्या उन्हात तुम्हाला एकटंच धाडलं?"

"वारले," ती म्हणाली आणि टरबुजाच्या बिया काढत राहिली.

मार्चमध्ये तुमचा फोन त्या बाईने उचलला, मागे तान्हं बाळ रडत होतं, तेव्हा ही माझ्या शेजारीच बसली होती.

म्हाताऱ्याने फोड खाली ठेवली आणि तुमच्यासाठी दुवा मागायला हात पसरले. आयसानेमनेही पसरले. मग मीही.

उतरताना धाकट्या दाउरानने माझी बाही ओढली. "आई, बाबा कधी गेले?"

आयसानेम थांबून माझ्याकडे बघत होती.

"मार्चमध्ये," मी म्हणाले.

हे पत्र मी टाकणार नाही. पण कधी आलातच, तर दाउरानला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. रोज झोपण्याआधी तो तुमच्या नावाने दुवा मागतो.

मुलांची आई,
झिबा