मनगटाशी घट्ट, दंडाशी सैल

४ नोव्हेंबर

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आज सरळ माझे हातच धरले. "आजोबा, कणीक तिंबताय का? सायीवरून बोट फिरवायचं, साय मोडायची नाही!"

स्तनाचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या. तेव्हापासून हिच्या उजव्या हातातलं पाणी वर सरकत नाही. ते आपण हलकेच सरकवायचं, मग पट्टी — मनगटाशी घट्ट, वर जाता जाता सैल. मी नेमकी उलटी बांधून आणली होती! बोटं मोकळी राहावीत म्हणून. "सगळं पाणी पंजात उतरवलंत," बाई म्हणाल्या. बोटं टम्म. अंगठी कापून काढावी लागली.

ही म्हणाली, "प्रेमाने केलंय हो त्यांनी. त्यांचं सगळं असंच."

५ नोव्हेंबर

हात फिरवताना ताल हवा, म्हणून चौथीतली नदीची कविता म्हटली. मास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरायचे, अख्खा वर्ग हेल काढत डोलायचा, खडूची धूळ उन्हात तरंगायची... एका कडव्याला एक फेरी. दंडावरून खांदा, खांद्यावरून पलीकडची काख. हिचे डोळे मिटलेले. मला वाटलं, ऐकतेय.

"संपली का नदी, कविराज? दंड बधिर झालाय माझा, कान नाही."

९ नोव्हेंबर

हात जरा मऊ.

१४ नोव्हेंबर

सूज उतरतेय! आयुष्यात हिचा हात इतका वेळ कधी हातात घेतला नव्हता. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी हात मागे बांधून उभा — कवायतीला उभा असल्यासारखा.

१८ नोव्हेंबर

बाई खूश. "सोमवारी माप घेऊ. सूज अशीच उतरलेली राहिली तर घट्ट विणीची बाही देते. मग पट्ट्या नकोत, आजी एकट्यानेच घालतील."

बसथांब्यावर ही चक्क हसली. मी म्हटलं, "बघ, जमलं की नाही आपल्याला?"

"जमलं. बाही मिळाली की मी ताईकडे चालले. राहायला."

"किती दिवस?"

"परत यायचं नाही म्हणून."

"आणि मी?"

"तुम्हाला कविता आहेत की! जन्मभर मागच्या बाकावर बसवलंत मला. ऐकू येतंय का, एवढं तरी कधी विचारलंत?"

बस आली. दांडा धरून चढली — उजव्या हाताने.

२० नोव्हेंबर

मुलाला फोन केला. "जाऊ दे ना बाबा तिला. इतकी वर्षं राहिली तेच खूप."

वर म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्ही रमाल."

२३ नोव्हेंबर, रविवार

उद्या माप.

नदीची कविता शेवटपर्यंत म्हटली. मग पट्टी बांधली. मनगटाशी सैल, दंडाशी घट्ट.

"आज हलक्या हाताने बांधलीत हो," म्हणाली. "शिकलात शेवटी."