भट्टीवरचा तिकोनी बोगदा

प्रिय भावोजी,

आशीर्वाद. तुमची कंबर आता सुटली असेल. आमच्या लाँड्रीतल्या बोगद्यात वाकूनच ती धरली, म्हणून आधी तिची चौकशी. जाऊबाईंना सांगा, शेक द्यावा, पण तुमचं सगळं ऐकू नये.

आता बोगद्याचं. जिन्याखाली जागाच तेवढी, म्हणून ह्यांनी वाऱ्याचा पत्र्याचा बोगदा तिकोनी केला: एका टोकाला पंखा, खाली भट्टी, दुसऱ्या टोकाला कपडे वाळवायची खोली. हे गेल्यावर तुम्ही मदतीला आलात, आतल्या पत्र्याच्या पिळलेल्या पट्ट्या पाहिल्यात आणि "वहिनी, दादानं आत कचरा भरलाय, वारा अडतोय," म्हणत सगळ्या भंगारात दिल्यात. वारा भन्नाट सुटला. दवाखान्याच्या चादरी नुसत्या फडफडल्या, वाळल्या मात्र नाहीत. दवाखान्याने त्या ओल्याच परत पाठवल्या. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ, असा निरोपही आला. त्यावर तुमचा सल्ला, "लाँड्री भाड्याने देऊन टाका!"

मी ह्यांच्या कपाटातलं उष्णतेवरचं जाडजूड पुस्तक काढलं. (कादंबरीतली निसर्गवर्णनं ओलांडते, तशी आकडेमोड ओलांडली.) घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलं. गुळगुळीत बोगद्यात वारा नाकासमोर चालतो. भिंतीलगतची गरम हवा भिंतीलाच चिकटते, चिंचोळ्या कोपऱ्यांत तर बसकणच मारते, आणि मधली थंडच्या थंड निघून जाते. तिला भोवऱ्यात घालून भिंतीवर नेऊन आदळावं लागतं. भावोजी, ते काम तुमचा तो कचरा करत होता! मी तेलाचे डबे कापले, पट्ट्या पिळल्या, आत बसवल्या. वारा कमी झाला (एवढं तुमचं खरं), पण असा तापला की दिवस मावळायच्या आत चादरी कडकडीत. दवाखान्याची बाई हात लावून म्हणते, "इस्त्री करून वर पैसे नाही ना मागणार?" काम राहिलं. लाँड्रीही राहिली. भाडेकरूला तुम्हीच नाही म्हणा, तुम्हीच शोधला होतात.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र्याने बोटं कापलीत, अक्षराला हसू नका.

आणखी एक ता. क. चादरी वाळल्या तेव्हा ह्यांना सांगायला म्हणून धावत घरात शिरले, आणि मग आठवलं. पुस्तक अर्धं बाकी आहे. रविवारी या आणि मला चुकीचं ठरवा. ह्यांच्यामागे माझ्याशी कुणी वादच घालत नाही.