खिडकीतल्या बाईचा शेवट

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून माझे कान मीच धरलेत, तू तिकडून पिळू नकोस. नोकरी बदलली. हो, पुन्हा. कपाळावर हात मारून झाला असेल तर पुढे वाच.

आता कपांच्या कारखान्यात आहे. पांढऱ्या कपाला छापील कागद गुंडाळायचा, पट्टी लावायची, भट्टीत ठेवायचा. बाहेर काढला की कपावर म्हातारा उमटतो. म्हातारा म्हणजे तो कादंबरीवाला. कधीचा मेलाय, तरी ह्या गावाला पोसतोय. त्याचा साबण आहे, छत्री आहे, त्याच्या नावाचं सलूनही आहे, आणि स्वतःची दाढी छातीपर्यंत! दुसऱ्या कपावर त्याची ती खिडकीतली बाई, कंदील घेऊन परागंदा नवऱ्याची वाट बघणारी. तिच्या नावाच्या गाद्या विकतात. जन्मात जी धड झोपली नाही, तिच्या नावाची गादी! गिऱ्हाइकं कप उराशी धरून डोळे पुसतात. पुस्तक वाचलंय का विचारलं तर म्हणतात, आम्ही मालिका बघतो.

तुझ्या सासूबाईही तीच बघतात, हे वाचून डोक्यात तिडीक गेली. भाऊजी धंद्याचं बघून येतो म्हणून गेले, ते दोन वर्षं ना पत्र ना फोन. आणि ही बाई तुला टीव्हीसमोर बसवून म्हणते, शिक जरा, वाट कशी बघावी! दुसरीकडे मामीच्या ओळखीनं शिवणाच्या शाळेत शिकवायची जागा चालून आलीय, राहायला खोली देतायत, आणि तू म्हणतेस बघू. ती जागा काही कंदील घेऊन उभी राहणार नाही, ताई. महिनाअखेरपर्यंतच आहे.

माया आहे तेवढी ठेव, अक्कल थोडी वाढव.

तुझा
उनाड

११ जून

चि. उनाडास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

मोठ्या बहिणीला अक्कल शिकवतोस, आधी एका नोकरीत टिकून दाखव. जेवतोस ना वेळेवर?

सासूबाईंनी आता त्या बाईचं कॅलेंडर ओट्यावर टांगलंय. मागच्या आठवड्यात मालिकेत तिचा कंदील विझला, तर त्यांनी ताट बाजूला सारलं. शेजारणी येतात, मला म्हणतात, तू अगदी तिच्यासारखी. खोटं कशाला बोलू, कधी कधी बरं वाटतं रे. निदान कुणासारखी तरी आहे.

माझा जीव एकाच गोष्टीत अडकलाय. मी गेले आणि दुसऱ्या दिवशी हे दारात उभे राहिले तर? मालिका काही संपत नाही. तू म्हाताऱ्याच्याच गावात आहेस. शेवटी नवरा येतो का, तेवढं विचारून कळव. हसू नकोस.

तब्येतीला जप, आणि ताईवर रागवायचं ते पोटभर जेवून रागव.

तुझी
ताई

१८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हसलो नाही. संतापलो. तुझ्या जन्माचा निकाल आता त्या दाढीवाल्याकडे मागायचा?

तरी विचारलं. मालक म्हणाला, शेवट कशाला हवाय, शेवटाचा कप कोण घेतं? म्हाताऱ्याच्या घरात तिकीट काढून आत गेलो. तिथला माहिती सांगणारा त्याच्या चपलांपुढे गहिवरला होता. त्याला विचारलं, तर शेवट फार उदात्त आहे म्हणाला आणि पुढच्या खोलीकडे पळाला. सगळे त्याच्या जिवावर जेवतात आणि एकानंही ताट पुसेपर्यंत वाचलेलं नाही.

मग पुस्तकच आणलं. माझी शाळा तुला ठाऊक आहे, ओळीखाली बोट धरून वाचलं. अर्धंअधिक नुसतं आभाळ आणि उसासे. तर ऐक. नवरा येत नाही. ती खिडकीतच मरते. संपलं.

आता तरी बॅग भर.

लोभ आहेच, तुझा मात्र त्या खिडकीतल्या बाईवर वाया घालवू नकोस.

उनाड

२९ जून

चि. उनाडास,
अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता नवा आहे, लिहून घे. खोलीला एकच खिडकी, ती समोरच्या भिंतीवर उघडते. शाळेत मुली चांगल्या आहेत, पण सगळ्यांचा टाका वाकडा.

तू थापाड्या आहेस. लहानपणापासून तुझी थाप शेवटाला आखूड होते, 'संपलं' म्हणतोस आणि पळतोस. म्हणून मीच वाचनालयातून पुस्तक आणलं आणि शेवटचं प्रकरण ओट्याशी उभ्यानं वाचलं. नवरा येतो. दारात उभा राहतो. इतकी वर्षं कुठे होतास, हेसुद्धा ती विचारत नाही. कंदील खाली ठेवते आणि पान वाढायला घेते. तो जेवतो आणि पुस्तक संपतं.

तुला वाटलं, तो येतो हे कळलं तर मी जागची हलणार नाही. अरे, इतके दिवस हे येणार नाहीत ह्याची भीती होती. ते वाचलं आणि पहिल्यांदा हे येतील ह्याची वाटली.

त्याच दिवशी मामीला होकार कळवला. सासूबाईंना सांगितलं तेव्हा मालिका चालू होती. जाहिराती लागेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

पत्र पाठवत जा, थापा मारल्यास तरी चालेल.

तुझी
ताई