निन्जांचा प्रमुख आणि आमचा बिबट्या

सोमवार, ३ मार्च
प्रमुखाने त्या दगाबाजाला सोडून दिलं! तिसऱ्यांदा. सरांनी आज आमच्या चित्रकथेच्या नव्या प्रकरणाची कच्ची पानं दाखवली. आपल्याच टोळीतल्या सात जणांना विष घालणारा हा निन्जा प्रमुखासमोर गुडघे टेकतो आणि प्रमुख काय करतो? त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. डोळ्यांत पाणी वगैरे. निन्जांचा प्रमुख आहे की रुसून परत आलेल्या लेकीचा बाप?

मी म्हटलं, "सर, अशाने टोळीत एक निन्जा जिवंत राहायचा नाही."

"लढाईला तोच लागतो," सर म्हणाले. म्हणजे कामाचा आहे म्हणून माफ. याला दया नाही म्हणत, सोय म्हणतात.

मंगळवार, ४ मार्च
सरांना ही दया सुचते कुठून, ते उघड आहे. आमच्या खोलीत तीन टेबलं. एकावर सर माणसं काढतात, एकावर मी काळं भरते आणि फुग्यांतले संवाद लिहिते. तिसऱ्यावर बिबट्या, हे नाव मीच मनात ठेवलेलं – तो काढतो डोंगर, छपरं, जंगलं. पाच वर्षांपूर्वी हा गृहस्थ अख्ख्या प्रकरणाची चित्रं उचलून दुसऱ्या मासिकाकडे गेला होता. वर्षभराने परत आला. सरांनी चहा पाजला आणि टेबल पुसून दिलं! तेव्हापासून चिडला की शाईची बाटली भिंतीवर. भिंत बघवत नाही. पण छपरं अशी काढतो की कौलं मोजून घ्यावीत. तेच तर दुखणं आहे.

आज मुद्दाम त्यालाच विचारलं, प्रमुखाने काय करावं? मान वर न करता म्हणाला, "मारावं. मी असतो तर असल्याला दारातही उभा केला नसता." सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

गुरुवार, ६ मार्च
ताई दर महिन्याला अंक वाचते, औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की. तिचं म्हणणं, माफ केल्याशिवाय माणूस सुधारणार कसा. भावजींना ती अकरा वर्षं माफ करते आहे. सुधारणा अजून वाटेत आहे.

सोमवार, १० मार्च
माझ्या हातून झालं. लिहूनच टाकते.

सर निळ्या पेन्सिलीने फुली मारतात – तिथे काळं भरायचं. फुलीभोवती गोल असला की त्या चौकटीला हात लावायचा नाही, ती सर स्वतः शेवटी करतात. पान सोळावर गोल होता. मी घाईत पाहिलाच नाही. माफी देतानाचा प्रमुखाचा चेहरा, सरांनी पेन्सिलीने तीन दिवस घोटलेला – सगळा काळा! पांढरा रंग नाहीतर ठिगळ लावून भागवणं सरांना खपत नाही. म्हणजे पान गेलं. आणि अंक परवा छापायला जायचा.

दोघंही जेवायला बाहेर गेले होते. मी पान बिबट्याच्या टेबलावर ठेवून दिलं. त्याचं जंगल बाकी होतं, तेव्हा पान तिकडेच जायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळीच त्याची आणि सरांची त्या जंगलावरून जुंपली होती. हेही मला आठवत होतं.

मंगळवार, ११ मार्च
सरांनी त्याला एकदाच विचारलं. "मी नाही केलं," बिबट्या म्हणाला. ओरडलासुद्धा नाही. सरांनी त्या डागाळलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

बोलायला माझ्याकडे चांगलं मिनिटभर होतं. मी ब्रश धूत बसले. धुतलेलाच ब्रश.

सामान आवरून जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला. "तुझं काळं चांगलं असतं. कडेला पांढरं राहत नाही," म्हणाला. एवढंच. त्याला कळलंय.

बुधवार, १२ मार्च
सरांनी पान पुन्हा काढलं. जंगल अगदीच बाळबोध झालंय. धोक्याचा माणूस गेला, टोळी सुरक्षित! हेच हवं होतं ना? मग आता घास का उतरत नाही बाईसाहेबांना?

शनिवार, १५ मार्च
ताईला सांगितलं. "अगं, मग सरांना सांग की! त्या माणसाचं काय झालं असेल?"

"माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

जाऊ दे म्हणे! दुसऱ्याच्या नोकरीवर पाणी सोडायला हिचं काय जातं, असा संताप आला. भांडी विसळताना लक्षात आलं, मीही तेच केलंय. शिसारी आली स्वतःची. सोमवारी सांगणार.

सोमवार, १७ मार्च
नाही सांगितलं. भित्री.

बुधवार, १९ मार्च
सांगितलं. सर म्हणाले, "माहीत आहे. फेकलेली शाई अशी रेषेला धरून बसते का? त्याच दिवशी कळलं." मग त्याला का काढलंत? "चार वर्षं भीत होतो गं त्याला. काढायला निमित्त सापडत नव्हतं." हातातली पेन्सिलसुद्धा थांबली नाही. मग विचारलं, त्याचं खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे, उजेड छान येतो, हवंय का.

दुपारी माझ्या बाटल्या आणि ब्रश तिकडे हलवले.