मागच्या सीटवरून

१४ ऑक्टोबर
दुपार, स्वयंपाकघरातलं टेबल

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत ठणठणीत आहे, मनगटाची सूज उतरली, हवा कोरडी आणि छान आहे, आणि तुझ्या पत्रातला एकही मुद्दा मला मान्य नाही. झालं, क्षेमकुशल संपलं.

तू म्हणतोस, डोंगरात एकटीने राहायचं माझं वय गेलं. तुमच्याकडची मागची खोली रंगवून झाली, खिडकीला पडदे लागले. महिनाअखेरीला भाचा टेम्पो घेऊन येईल, आत्याचं सामान भरेल आणि वर आत्यालाही भरेल. यात माझं मत कुठे विचारलंय ते मी शोधलं. सापडलं नाही. आयुष्यभर सभांमधून सांगत आले की तुमच्याबद्दलचा निर्णय तुमच्यामागे कुणाला घेऊ देऊ नका, आणि माझ्या सख्ख्या भावाने माझ्या गैरहजेरीत ठराव मांडून मंजूरही करून टाकला!

अक्षर एवढं मोठं का, असं वहिनी विचारेल. जाड पेन हाताशी होतं, म्हणून. आधी रस्त्याबद्दल ऐक, कारण तू तो पाहिलेलाच नाहीस आणि न पाहताच त्याला ‘तुझं ते खूळ’ म्हणतोस.

डोंगरातली छोटी रेल्वे बंद पडून रूळ उखडले, तेव्हा ती जागा मोटारींसाठी रुंद करायची की चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना द्यायची, यावर मी किती वर्षं घसा फोडला हे तुला ठाऊक आहे. आता तिथे बारीक खडीची घट्ट वाट आहे. खालच्या गावातून निघते, खिंडीपर्यंत चढते आणि पलीकडे जंगलातल्या वाटेला लागून दुसऱ्या खोऱ्यात उतरते. सगळ्या वाटेत एक मोटार नाही. आगगाडीला उभा चढ झेपत नसे, म्हणून ती बांधणाऱ्यांनी डोंगराला वळसे घालत घालत तिला वर नेलं. त्यांनी इंजिनाचे लाड केले, त्याचा फायदा आज माझ्या गुडघ्यांना होतो. मधे बोगदे आहेत, दगडी पूल आहेत, आणि जुन्या स्टेशनांत बाकं आणि पाण्याचे नळ.

परवा एक बाई दोन पोरांना घेऊन आली होती. पोरं वाटेच्या मधोमध नागमोडी सायकल चालवत होती, आणि आई त्यांच्याकडे पाठ करून सफरचंद खात बसली होती. दादा, पोरं रस्त्यावर असताना आई निवांत सफरचंद खाते, याला मी स्वातंत्र्य म्हणते. त्याच्या व्याख्या मी जाडजूड पुस्तकांतून वाचल्या. एकीतही सफरचंद नव्हतं. आणि तुमचे ते घाटरस्त्याने गाडीतून येणारे पाहुणे, खिंडीत पाच मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि डोंगर पाहिला म्हणतात. पाहिला कसला! काचेतून मागे टाकला. सायकलवर डोंगर पायाला कळतो. उतार संपतो कुठे आणि चढ सुरू होतो कुठे, हे डोळ्यांच्या आधी पोटऱ्यांना समजतं.

भाषण झालं. सवय आहे, चालवून घे.

आता तुझा दुसरा मुद्दा. ‘कुणा निवृत्त बसड्रायव्हरबरोबर एकाच सायकलवरून फिरतेस असं कानावर आलं.’ बरोबर आलं. कुणा नव्हे, हॉर्न. माझ्या सभांच्या कडेला बस उभी करून, ऐन मुद्द्याच्या वेळी जो भोंगा वाजवायचा, तोच हा. रस्ता रुंद झाला पाहिजे म्हणून भर सभेत उठून मला म्हणाला होता, ‘‘बाई, तुम्ही बोलता छान, पण तुमच्या भाषणावर बस वर चढत नाही.’’ लोक खो खो हसले होते. मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही, वहिनी पत्र वाचते.

तर आमची सायकल दोन सीटांची आहे. खालच्या स्टेशनात पंक्चरबाईचं दुकान आहे, ती भाड्याने देते. पुढे हॉर्न, मागे मी. हँडल, ब्रेक, गिअर सगळं त्याच्याकडे, माझ्याकडे नुसती पेडलं. पुढच्याने येणारी प्रत्येक गोष्ट तोंडाने सांगायची आणि मागच्याने ऐकायची, असा या सायकलचा कायदा आहे. तो ओरडतो, ‘‘वळण! दगड! हलका चढ, जोर लावा, फुकटात बसू नका!’’ मी ऐकते. होय, मी. वहिनीला खुर्चीत बसवून मग हे वाच.

त्याला एक खोड आहे. उभी हयात घाटात बस चालवल्यामुळे मागून आवाज आला की तो डावीकडे दबतो आणि उजवा हात बाहेर काढून ‘जा पुढे’ अशी खूण करतो. रिकाम्या वाटेवर, कुणालाही! एकदा गायीला पुढे काढलं. आणि मला काय खोड आहे ते तू जाणतोसच: मुद्दा रंगात आला की माझे दोन्ही हात वर जातात.

त्या दिवशी या दोन खोडी एकदम भेटल्या. दुसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी ओढा पडतो. त्याचा आवाज बोगद्यात घुमला आणि हॉर्नला वाटलं, मागून ट्रक आला. तो डावीकडे दबला, हात बाहेर काढला. नेमक्या त्याच क्षणी मी सार्वजनिक पैशाचा हिशेब मागायला दोन्ही हात वर केले होते. चार हातांपैकी सायकलला एकच उरला. आम्ही चरात गेलो. गवत होतं म्हणून मनगटावर निभावलं. चरात आडवा पडूनच हॉर्न म्हणाला, ‘‘गेला का ट्रक?’’ दादा, मी रडेपर्यंत हसले.

म्हणजे मनगटाबद्दल तुम्हाला फोनवर सांगितलं तशी मी जिन्यावरून घसरले नव्हते. माझ्या घराला जिनाच नाही, हे तुझ्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं. फोनवर तिने शांतपणे विचारलं, ‘‘कुठला जिना हो, वन्सं?’’ आणि मी आवाज येत नसल्याचं सोंग घेतलं.

आता तू विचारशील, इतकी वर्षं आपली सायकल आपण चालवणारी ही बाई मागे का बसली? आणि तेही त्याच्या मागे?

इथे मी उठून चहा करून आले.

माझ्या डोळ्यांच्या मधोमध डाग आले आहेत. दोन्हींच्या. गेल्या हिवाळ्यापासून. डॉक्टर म्हणाले, हे पूर्ण अंधार करणारं दुखणं नाही. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसट होत जाईल. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं जातं. माणसाकडे पाहिलं की त्याचे कान दिसतात, चेहरा नाही. हे पत्र मी पुठ्ठ्याला ओळीएवढ्या खाचा पाडून त्या खाचांतून लिहिते आहे. पुठ्ठा हॉर्नने कापून दिला, थोडा तिरका, म्हणून ओळी वर चढतात.

हे सर्वांत आधी त्याच्याच लक्षात आलं. थांब्यावर त्याची बस आली, आणि मी, जिचं त्याच्याशी बोलणंही नव्हतं, त्यालाच विचारलं, ‘‘ही कुठे जाते?’’ एवढी मोठी पाटी कपाळावर होती. त्याने भोंगा वाजवला नाही. कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, ‘‘पाटी दिसत नाही ना, बाई? बसा. कुठे उतरायचं ते मी सांगतो.’’ पुढे निवृत्त झाल्यावर एका सकाळी पंक्चरबाईची सायकल घेऊन दारात उभा. मी म्हटलं, ‘‘मला दया नको.’’

‘‘दया कोण करतंय? उभा जन्म माझ्या मागे कुणी ना कुणी बडबडत बसलेलं असायचं. आता घरात आवाज नाही. तुम्ही बडबडा, मी चालवतो.’’

‘‘माझी मतं बदललेली नाहीत.’’

‘‘माझीही नाहीत. चढावर बोलू.’’

हे तुला सांगितलं तर तुझी बाजू भक्कम होते, हे न कळण्याइतकी मी नवी नाही. समोरच्याच्या हातात मुद्दा देऊ नये, हे मी पोरीबाळींना शिकवलं. आज आपण होऊन देते आहे. जिन्याची थाप मारून मी इथे राहायचं म्हटलं तर ते लपून राहणं झालं. मला राहायचंय ते सगळ्यांना माहीत असताना.

आणि आता माझी बाजू ऐक. मागच्या सीटवर समोर काय असतं? हॉर्नची पाठ. ती दिसली नाही म्हणून माझं काडीचं बिघडत नाही. पाहण्यासारखं सगळं दोन्ही कडांना असतं, एकीकडे दरी, एकीकडे कडा, आणि कडेचं मला दिसतं! परवा खिंडीत उन्हं कलली तेव्हा डावीकडचं सगळं खोरं तांबूस झालं होतं. मी बोलता बोलता गप्प झाले. हॉर्न घाबरला, ‘‘पडलात का काय?’’ म्हणून विचारलं. इतकी मी सुखात आहे, दादा. तुमच्याकडच्या खोलीला खिडकी समोर आहे, आणि खिडकीसमोर भिंत. पडदे कितीही चांगले असोत.

एकटी राहते म्हणतोस, त्याचंही सांगते. पंक्चरबाई रोज सकाळी जाताना दार वाजवते. तुझं पत्र मी वाचलेलं नाही, मला वाचून दाखवलं गेलं. हॉर्न सगळं थांब्यांची नावं पुकारावीत तसं वाचतो. त्या बसवाल्याच्या मजकुराशी आला आणि थबकला. ‘‘इथे माझ्याबद्दल आहे. वाचू की गाळू?’’ मी म्हटलं, ‘‘वाचा. मुद्दा गाळायचा नसतो.’’ त्याने ‘अविचारी माणूस’ हे शब्द खणखणीत वाचले आणि म्हणाला, ‘‘काळजी वाटते म्हणून लिहिलंय. माझा भाऊ असता तर याहून वाईट लिहिलं असतं.’’ विरोधकाने तुझी बाजू घेतली, लक्षात ठेव.

एक गोष्ट मात्र तुलाच विचारायची आहे, कारण घरात ती तुलाच माहीत. आपल्याला सायकल एकच होती आणि तुला ती शेवटपर्यंत जमली नाही. धाकटी बहीण चालवायची आणि शाळेत जाणारा मोठा भाऊ दोघांची दप्तरं मांडीवर घेऊन मागे. पोरं हसायची, तू त्यांना ऐटीत सांगायचास, ‘‘तिला सराव देतोय.’’ आणि मला मागून हुकूम, ‘‘डावीकडे घे, पुढे खड्डा आहे.’’ मला तेव्हा वाटायचं, मी याला ओढतेय. मागे बसल्यावर कळलं की रस्ता तू बघत होतास. ऐन वळणावर, जेव्हा पुढचा माणूस दिसत होता आणि वाट दिसत नव्हती, तेव्हा भीती वाटायची का रे तुला? तू कधी बोलला नाहीस. मला ती वाटते, पहिल्या वळणापर्यंत. मग नाही.

म्हणून आता माझा ठराव. महिनाअखेरीला टेम्पो येणारच असेल तर रिकामा येऊ दे, त्यात सामानाऐवजी तू आणि वहिनी बसून या. पंक्चरबाईने दोन मोडक्या सायकली जोडून तीन सीटांची एक केली आहे. दिसते भयंकर, चालते झकास. पुढे हॉर्न, मधे मी, मागे तू. वहिनीला पंक्चरबाई शिकवणार आहे, बोलणं झालंय. खिंडीपर्यंत जाऊ. तिथे बाकावर बसून तू मला समोरासमोर सांग, की बहिणीने इथून निघावं. मी तुझ्या कानांकडे बघून शेवटपर्यंत ऐकेन, मधे बोलणार नाही. तरीही तसंच वाटलं तर पुन्हा मांड. मी विरोधात मत देईन, पण तुझ्यावर रागावणार नाही.

डाव्या-उजव्याचं अजून कळत असेल तर मागून सांगायला ये. माझे दोन्ही हात मी खाली ठेवीन, शब्द देते.

दप्तरं या खेपेला माझ्या मांडीवर.

तुझी,
आता मधल्या सीटवर जागा धरून बसलेली,
धाकटी